शंभर पिढ्या टिकलेलं कडं

मी एक प्लाझ्मिड बोलतोय. नाव ऐकून पान उलटू नका. नाव अवघड असलं तरी मी अगदी साधा आहे. तुमच्या नाकाचा आकार आणि केसांचा रंग ज्या रसायनात लिहिलेला असतो, त्याच रसायनाचं मी एक गोल कडं आहे. इतकं बारीक, की टाचणीच्या टोकावर माझं अख्खं खानदान मावेल आणि वर पाय पसरायला जागा उरेल. मला स्वतःचं घर नाही. मी यीस्टच्या पेशीत राहतो. यीस्ट तुम्हाला माहीत असेलच, पाव फुगवतं ते.

मला डोळे-कान नसताना पुढचं सगळं मला कसं कळलं, असं विचारू नका. खुर्च्या आणि छत्र्या आपली कहाणी सांगतात तेव्हा तुम्ही निमूट ऐकता. मग माझ्याच वेळी एवढी चौकशी कशाला?

माझा जन्म एका प्रयोगशाळेत, बर्फात खोचलेल्या करंगळीएवढ्या नळीत झाला. इथला एक तुकडा, तिथला एक तुकडा कापून, टोकाला टोक जोडून मला गोल केलं. माझ्या अंगावर दोन कृती लिहिल्या. पहिली कृती एका पाचक रसाची. काही बाळांना दूध पचत नाही. प्यायलं की पोट फुगतं, रडून जीव नकोसा होतो. त्यांच्या दुधात ज्याचे चार थेंब टाकले की काम होतं, तो रस बनवायची कृती माझ्याजवळ आहे. दुसरी कृती माझ्या घरमालकासाठी होती. माझं यीस्ट मुद्दाम असं निवडलेलं, की त्याला वाढीला लागणारा एक पदार्थ स्वतःला बनवता येत नाही. तो बनवायची युक्ती माझ्याकडे. म्हणजे मला घरात ठेवलं तर पोट भरेल, हाकललं तर उपाशी मरशील, असा सरळ व्यवहार.

मग आम्हा सगळ्यांना बेचाळीस अंशांच्या पाण्याचा चटका दिला आणि त्या गडबडीत मी पेशीत शिरलो. तिथे माझ्या नकला झाल्या, वीस-पंचवीस. त्यातला खरा मी कोणता, हे मला आजही सांगता येणार नाही. सगळेच मी.

सुरुवातीचे दिवस मजेचे गेले. पण यीस्टच्या घरातली एक रीत मला पहिल्या दिवसापासून खटकत आली. यीस्टच्या पेशीच्या अंगावर एक फुगवटा येतो, तो मोठा होतो आणि लेक म्हणून वेगळा होतो. आता लेक घराबाहेर पडताना आईने चार कडी तिच्या हातात द्यावीत की नाही? पण नाही. आई बहुतेक कडी स्वतःजवळ ठेवून घेते. शंभरातल्या चार-पाच लेकी तर अगदी रिकाम्या हातांनी निघतात. आईने आधीच बनवून ठेवलेल्या त्या पदार्थाची शिदोरी काही पिढ्या पुरते, मग उपासमार.

या रिकाम्या लेकी मला काय म्हणतात माहीत आहे? खायला काळ, भुईला भार. कारण मला सांभाळायला कष्ट पडतात. माझ्या नकला काढा, माझा रस बनवा. माझं ओझं नसलेली पेशी भराभर वाढते. कुठून आयतं अन्न मिळालं तर चार दिवसांत ती माझ्या घरांना मागे टाकते. माझ्या आयुष्याची सगळी भानगड या एका वाक्यात आहे.

लवकरच आमची रवानगी टाकीत झाली. टाकी म्हणजे काचेचं गुडघ्याएवढं भांडं, वर स्टीलचं झाकण, आत फिरणारं पातं. एका नळीतून, यीस्टला न बनवता येणारा तो पदार्थ वगळून, ताजं खाणं थेंब थेंब आत यायचं आणि दुसऱ्या नळीतून तेवढंच पाणी पेशींसकट बाहेर जायचं. पातळी कायम तेवढीच. हे दिवसरात्र, न थांबता. इथे जगायचं असेल तर प्रवाहाच्या वेगाने वाढा, नाहीतर वाहून जा. टाकी सांभाळणारे गृहस्थ तिशीपासून हेच काम करत आलेले आणि आता निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना टाकीकाका म्हणत.

विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, त्यांनी पैज लावल्यासारखी अट ठेवली होती. "तीस दिवस टाकी सलग चालली पाहिजे. तिसाव्या दिवशी शंभर पेशींतल्या ऐंशींमध्ये तरी प्लाझ्मिड असला पाहिजे. नसेल तर हे काम बंद. टाकी शेजारच्या गटाला."

तीस दिवस म्हणजे आमच्या शंभर पिढ्या. तुम्हाला तुमच्या पणजोबांच्या वडलांचं नाव तरी सांगता येतं का?

पहिल्या खेपेला मी सपाटून हरलो. सोळाव्या दिवशी शंभरातल्या फक्त अठ्ठेचाळीस पेशींत मी उरलो होतो. टाकी रिकामी केली, गोठवून ठेवलेल्या माझ्या कुपीवर कोणीतरी निळ्या पेनने 'नापास' असं लिहिलं. ते अक्षर मी विसरलो नाही.

त्याच सुमारास ती माझ्या कहाणीत आली. गणितवाली. प्रयोगशाळेत एकच मुलगी अशी, की जिच्या हातात नळी नाही. तिच्या टेबलावर एक संगणक, मागे पांढरा फळा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'पुसू नये'. मी टाकीत किती दिवस टिकेन ते समीकरणांनी सांगायचं, एवढंच तिचं काम. एक समीकरण माझ्या घरांचं, एक रिकाम्यांचं. किती लेकी रिकाम्या निघतात, शिदोरी किती पिढ्या पुरते, प्रवाह किती, सगळं त्यात भरलेलं. त्यातून निळी रेघ निघाली: थोडी खाली उतरणारी आणि मग सपाट. तिसाव्या दिवशी एक्क्याण्णव.

प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांचे ठिपके मात्र लाल आणि घसरगुंडीवर बसलेले.

बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या, चष्मा वर केला. "तुझं गणित सुंदर आहे गं. पण यीस्टनं ते वाचलेलं नाही."

सगळे हसले. तीही हसली, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. तीन वर्षांचं काम होतं तिचं. रेघ खोटी ठरली तर तिच्या हातात काहीच उरणार नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही दोघं एकाच नावेत बसलो. मी टिकलो तर ती तरणार होती.

दुसरी खेप सुरू झाली. रोज टाकीतून थेंबभर नमुना काढायचा, पातळ करायचा आणि भरपूर खाण्याच्या प्लेटवर पसरायचा. दोन दिवसांत त्यावर ठिपके उगवतात, एकेक ठिपका म्हणजे एकेका पेशीचं गोत. मग एक मखमलीचा तुकडा त्या प्लेटवर अलगद दाबायचा आणि त्याचा ठसा दुसऱ्या प्लेटवर उमटवायचा. या दुसऱ्या प्लेटवरच्या खाण्यात तो पदार्थ नसतो; तिथे माझी घरं तेवढी उगवतात. जिथे ठिपका उगवत नाही, ती जागा रिकामीची. हा ठसा उमटवण्यात टाकीकाकांचा हात धरणारा कोणी नव्हता.

दुपारी डबा खाताना गणितवालीच्या आईचा फोन यायचा. आईला गणितातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण आजाऱ्याची चौकशी करावी तशी ती माझी चौकशी करायची.

"आज किती गं?"

"त्रेपन्न."

"अगंबाई! काल साठ म्हणालीस ना? काही खायला-बियायला घालता की नाही त्याला?"

"आई, खाणं कमीच ठेवायचं असतं."

"मग बरोबरच आहे. उपाशी कोण टिकेल?"

गणितवाली घास तोंडात ठेवून हसायची. पण फोन ठेवल्यावर तिचा चेहरा उतरायचा. सोळाव्या दिवशी पुन्हा अठ्ठेचाळीस आले. बाईंनी आणखी एकच संधी दिली. "तिसरी खेप शेवटची. त्यानंतर माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

इतर कोणी असतं तर रेघ खाली ओढून ठिपक्यांवर बसवली असती. आकडे थोडे इकडे-तिकडे केले की बसतेही ती. पुष्कळ जण बसवतात. ही पोरगी हट्टी. ती दोन्ही खेपांचे ठिपके एकावर एक ठेवून बघत बसली. दोन्ही वेळा नवव्या दिवसापर्यंत मी तिच्या रेघेवरून चालत होतो आणि नवव्या दिवसापासून घसरत होतो. चूक असती तर कशीही झाली असती. ही दोन्ही वेळा सारखीच झाली होती.

टाकी बंद करण्याआधी ती काकांना म्हणाली, "काका, प्रवाह जरा वाढवा ना."

"कशाला आता? मेलेल्याला औषध?"

"वाढवा तर. आयतं खाणं नसलं की रिकाम्या हळूच वाढतात. प्रवाह जोरात झाला की त्या वाहून जायला हव्यात."

काकांनी चावी फिरवली. दोन दिवस प्रवाह जोरात चालला. रिकाम्या कमी झाल्या नाहीत. उलट दोन वाढल्याच.

गणितवालीने फळ्यावरची दोन समीकरणं पाहिली आणि बराच वेळ पेनचं टोपण चावत बसली. मग म्हणाली, "काका, ज्या वाहून जात नाहीत त्या प्रवाहातच नाहीत. कुठेतरी उभ्या आहेत."

"टाकीत उभं राहायला जागा कुठाय? काय फलाट आहे का आत?"

काकांचा प्रश्न तिने डोक्यात धरला आणि ती धुण्याच्या खोलीकडे धावली. टाकी नुकतीच रिकामी होऊन तिकडे गेली होती. तिथे मावशी होत्या. बावीस वर्षं या प्रयोगशाळेची काच धुणाऱ्या मावशी. त्यांच्या हातात तारेचा ब्रश, भांडं आडवं, ब्रश टेकणार एवढ्यात दारातून आवाज आला.

"मावशी, थांबा!"

मावशी इतक्या दचकल्या की ब्रश मोरीत पडला. "अगं काय झालं? आग लागली का?"

"आत काही चिकटलेलं असतं का हो?"

"असतं की! हे काय." मावशींनी भांडं उजेडाकडे धरलं. पाण्याच्या रेघेच्या जरा वर, काचेला आतून बोटभर रुंदीचा पिवळट पट्टा होता. "दर वेळी असतो हा. मेला निघता निघत नाही. पण कोणी विचारलं होतं का मला?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. इतके दिवस फळ्यावर शोधलं ते मोरीत सापडलं. पात्याने उडालेले शिंतोडे काचेवर बसत, तिथे पेशी घट्ट धरून राहत, प्रवाह त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. त्या दाटीत मेलेल्या पेशी फुटत आणि त्यांच्या पोटातलं उष्टं-खरकटं खाऊन रिकाम्या माजत. आयत्या बिळावर नागोबा! तिथून रोज त्यांच्या लेकी टपाटप खाली पडत आणि खाली आम्ही प्रामाणिकपणे वाढत, वाहत, मरत होतो.

काकांनी पट्टा खरवडून प्लेटवर पसरला, ठसा उमटवला. निकालाच्या दिवशी सगळे वाकून बघत होते. शंभर ठिपक्यांतले सहा उगवले होते. चौऱ्याण्णव रिकामे.

मला झालेला आनंद काय सांगू! आयुष्यभर सगळे म्हणत होते की प्लाझ्मिड कच्चा, प्लाझ्मिड टिकत नाही. मी कच्चा नव्हतो. मी माझ्या जागी पक्का होतो. हे माझ्या बाजूने कोणीतरी पहिल्यांदाच सिद्ध केलं होतं, आणि तेही न हसता.

मावशींचं लक्ष मात्र काचेकडे होतं. त्या भांडं पुन्हा पुन्हा खिडकीशी नेत, नखाने काच चाचपत. शेवटी त्या बाईंच्या खोलीत गेल्या, मागोमाग गणितवाली.

"बाई, एक सांगायचंय. त्या पट्ट्याच्या जागी काचेला ओरखडे आहेत. बारीक आहेत, पण नखाला लागतात. ते माझ्या तारेच्या ब्रशचे. पट्टा निघावा म्हणून मी घासत गेले, आणि त्या चरांतच तो घट्ट बसत गेला. तुमचं काम माझ्या हातानं बिघडलं."

बाई उठल्या आणि थेट धुण्याच्या खोलीत गेल्या. तिथे भिंतीवर प्लास्टिकमध्ये घातलेला सूचनांचा कागद होता. तिसरी सूचना: 'काच लख्ख दिसेपर्यंत तारेच्या ब्रशने घासावी.' खाली सही. बाईंनी कागद भिंतीवरून ओढून काढला.

"सही कुणाची आहे, मावशी?"

"तुमची."

"मग चूक कुणाची?"

मावशींनी पदराने डोळे पुसले. बाईंना रागावताना मी पुष्कळदा ऐकलं होतं. त्या दिवशी त्यांनी कागदाचे चार तुकडे केले तेव्हा मात्र मला त्यांचा अभिमान वाटला.

तिसरी खेप नव्या, गुळगुळीत भांड्यात सुरू झाली. धुवायला मऊ स्पंज. शिवाय रोज एकदा काका पाण्याची पातळी चार बोटं चढवत आणि पातं जोरात फिरवून काच खंगाळून काढत. गणितवालीने फळ्यावर तिसरं समीकरण लिहिलं, काचेवर बसलेल्यांचं. ते घातल्याबरोबर तिची निळी रेघ आधीच्या दोन्ही खेपांच्या ठिपक्यांवरून अशी गेली, जसा मण्यांतून दोरा जावा. आणि नव्या खेपेसाठी तिने पुन्हा तेच सांगितलं: काच स्वच्छ राहिली तर तिसाव्या दिवशी एक्क्याण्णव.

नववा दिवस आला. त्र्याण्णव. मी घसरलो नाही. सोळावा दिवस, जिथे मी दोनदा तोंडघशी पडलो होतो. ब्याण्णव! काकांनी मखमलीचा तुकडा झेंड्यासारखा फिरवला.

इतक्यात माझी दृष्ट काढायला हवी होती की काय कोण जाणे. काका दोन दिवसांच्या सुट्टीवर गेले. बदली माणसाला पातळी चढवायचं कोणी सांगितलंच नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी मावशी फरशी पुसायला आल्या आणि टाकीसमोर थबकल्या. आता त्या येता-जाता काचेवर नजर टाकल्याशिवाय पुढे जात नसत.

"गणितवाली! इकडे ये गं लवकर. पट्टा धरतोय बघ."

केसाएवढा पिवळा धागा होता तो. प्लेटची वाट बघितली असती तर तीन दिवस गेले असते. लगेच पातळी चढवली, पातं फिरवलं, धागा गेला. त्या दिवसाचा आकडा तीन दिवसांनी आला, तो चौऱ्याऐंशी. त्या दुपारी फोनवर आईने तो ऐकला आणि देवाचा धावा सुरू केला. पण गणितवाली शांत होती. "आई, काळजी नको. काच स्वच्छ झालीय. आता उरलेल्या रिकाम्या वाहून जातील. चार दिवसांत नव्वदवर येतो बघ."

चौथ्या दिवशी मी नव्वदवर होतो. तिने सांगावं आणि मी वागावं, असं आमचं जमलं होतं. खरं तर तिला माझा स्वभाव कळला होता, इतकंच.

तिसाव्या दिवसाचा नमुना निघाला. निकालाला अर्थातच तीन दिवस. त्या तीन दिवसांत प्रयोगशाळेत कोणी माझं नाव काढलं नाही. परीक्षेनंतर घरात असते तशी शांतता. मग सकाळी दहा वाजता काकांनी दुसरी प्लेट उजेडावर धरली. काका मोजत होते, बाई मागून मोजत होत्या, गणितवाली डोळे मिटून उभी होती.

"ब्याण्णव," काका म्हणाले.

"ब्याण्णव," बाई म्हणाल्या. मग चष्म्यावरून गणितवालीकडे बघत, "तू एक्क्याण्णव म्हणाली होतीस. एकानं चुकलीस."

आणि त्यांनी तिला जवळ घेतलं. काका हसत होते आणि डोळेही पुसत होते. गणितवालीने फोन लावला. "आई, टिकलं!" पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण ही लहान मुलीसारखी रडायला लागली.

संध्याकाळी मावशी तिची खोली आवरायला आल्या. फळ्याकडे बघत म्हणाल्या, "ही नवी ओळ कसली गं?"

"काचेवर बसलेल्यांची. तिच्यामुळेच सगळं जुळलं."

"आणि हा मध्ये 'म' कसला लिहिलायस? बाकी सगळी परदेशी अक्षरं, हे एकच आपलं."

"त्या ओळीला काहीतरी नाव हवं होतं. मावशीचा म आहे तो."

मावशींनी स्पंज बादलीत ठेवला, हात पदराला कोरडे केले आणि त्या अक्षराजवळ बोट नेलं, पण टेकवलं नाही. नंतर त्यांनी टेबल पुसलं, खिडकी पुसली, फळ्याची चौकटसुद्धा पुसली.

आता माझं म्हणाल तर छान चाललंय. मोठ्या टाक्यांत माझी घरं वाढतात, माझा रस बाटल्यांत भरून जातो, कुठेतरी एखादं बाळ दूध पिऊन ढेकर देतं आणि गाढ झोपतं. माझी जुनी कुपी गोठवणीत आहे. 'नापास' तिच्यावर अजून तसंच आहे. काका ते खोडणार होते, मीच मनातल्या मनात नको म्हटलं. त्याच्याखाली आता गणितवालीच्या अक्षरात लिहिलंय: 'काच खराब होती.'

निरोप घेण्यापूर्वी एकच मागणं आहे. कोणी टिकत नाही असं दिसलं, तर त्याला कच्चा ठरवण्याआधी भांडं एकदा उजेडाला धरा. आणि ते रोज कोण धुतं, त्यांना विचारा.